डाग कोणाचा, नाव कोणाचे?

ज्याने त्याने आपापला ‘ब्रँड’ उभारावा, असा उपदेश सध्या तरुणांच्या कानीकपाळी चालला आहे. शिकवणीवर्गांतून हेच, नोकरीच्या मेळाव्यांतून हेच आणि हातातल्या फोनच्या पडद्यावरही हेच! हा शब्द आला कोठून, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. इंग्रजीतील ‘ब्रँड’ हा मूळचा जाळण्याशी नाते सांगणारा शब्द आहे. तापल्या लोखंडाने गुराच्या अंगावर उमटविलेली मालकाची खूण म्हणजे ब्रँड. आमच्या शेतकऱ्यास याचे मोठेसे नवल वाटणार नाही. डागणी म्हणजे काय हे तो जाणतो. आणि डागणीचा नियमही तो जाणतो, की डाग बैलाच्या अंगावर उमटतो, पण नाव मालकाचे होते. बैलाच्या वाट्याला येते ती फक्त पोळण्याची वेदना.

‘फास्ट कंपनी’ नावाच्या अमेरिकन मासिकात 1997 साली टॉम पीटर्स या लेखकाने प्रत्येक माणसाने स्वतःसच एक ब्रँड समजावे, असा सिद्धांत मांडला. तेव्हा फेसबुक, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता. ही तिन्ही अपत्ये अनुक्रमे 2004, 2005 आणि 2010 या सालांची. त्या लेखकाने कल्पिले त्याच्या शतपटीने ते मत आता खरे ठरले आहे. परंतु पांढुर्णा आणि सौंसरच्या तरुणांस आमचा सवाल असा, की या बाजारात तुम्ही उभे आहात ते मालक म्हणून की बैल म्हणून? तुमच्या अंगावर जो डाग उमटतो आहे, तो तुमच्या हातचा आहे की दुसऱ्या कोणाच्या?

तरुणांच्या हातातला फोन पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. नाव कमावण्याची इच्छा हा काही गुन्हा नव्हे. ज्यांनी देहाची आसक्ती सोडली त्या आमच्या संतांनीही अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा उमटविली. मात्र ती शेवटी उमटविली, हे लक्षात घ्या. आधी अनुभव, मग शब्द आणि सर्वांच्या शेवटी नाव, असा तो क्रम होता. नव्या साधनाची भीती बाळगणे हाही आमचा धर्म नव्हे. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा छापखाना हेदेखील परक्याने आणलेले यंत्रच होते. त्या यंत्रावर मराठी माणसाने आपला विचार छापला, म्हणून आज मराठी पत्रकारितेस जन्मदिवस आहे. नवे साधन हाती घ्यावे की न घ्यावे हा प्रश्नच उरलेला नाही. ते हाती घेऊन त्यावर कोणाचे नाव कोरावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

2016 साली स्वस्त इंटरनेट आले आणि लोधीखेडा, मोहगाव, पिपळा नारायणवार येथील पोरांच्या हाती एकाएकी जग आले. त्यापूर्वी आमच्या मुलखातील गायकास, नकलाकारास किंवा कुस्तीगिरास नाव मिळवायचे तर नागपूरची गाडी धरावी लागे, आणि तेथे कोणी ओळखदेख दाखविली तर मंच मिळे. आज तो आपल्या अंगणात उभा राहून लाखो डोळ्यांपुढे येऊ शकतो. ही क्रांतीच होय. पण क्रांतीच्या दिवशी जो गाफील राहतो त्याची मालमत्ता दुसऱ्याच्या नावे चढते, हा धडा सीमेवरच्या माणसास कोणी शिकवावा लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि घरीदारी मराठी बोलणारा आमचा हा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून ‘तुम्ही नेमके कोण?’ हा प्रश्न आमच्या पाचवीला पुजला आहे. नागपुरात आम्ही ‘एमपीवाले’ आणि भोपाळात ‘मराठी लोक’! ज्यांची ओळख दोन्ही दारांत विचारली जाते, त्यांनी तरी ओळख या वस्तूची किंमत जाणली पाहिजे.

ती किंमत कळण्यासाठी दूर जावयास नको. आमच्या संत्र्याच्या बागेत जा. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, संत्र्याची रोपे नागपुरास आणली असे सांगतात. झाड बाहेरून आले, पण फळास नाव मिळाले ‘नागपुरी’. त्या नावाने जग जिंकले, आणि 2014 साली त्यास भौगोलिक मानांकनाची कायदेशीर मोहोरही लाभली. आता पांढुर्णा-सौंसरच्या बागांकडे पाहा. तीच काळी माती, तीच जात, तोच आंबिया आणि तोच मृग बहार. येथली फळेही पेट्यांत भरून वर्षानुवर्षे बाहेर गेली, पण गेली ती ‘नागपुरी’ म्हणून. दिल्लीच्या गिऱ्हाइकास पांढुर्ण्याचे नाव कधी कळले नाही. पुढे, पांढुर्णा अद्याप छिंदवाडा जिल्ह्यात असतानाच, ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेखाली शासनाने या फळास ‘सातपुडा ऑरेंज’ असे नवे नाव देण्याचा उपक्रम काढला. म्हणजे घाम आमचा, फळ आमचे, पण नावाची निवड एकदा व्यापाऱ्याने केली आणि एकदा सरकारने. बागाईतदारास विचारले कोणी?

यात नागपूरचा दोष नाही आणि सातपुड्याचाही नाही. जो आपले नाव आपण ठेवीत नाही त्याचे बारसे शेजारी करतात, हा जगाचा न्याय आहे. फळास लागू तो न्याय माणसास लागू, आणि माणसास लागू तो गावासही लागू.

गावाचे पाहावयाचे तर आमच्या गोटमारीचे पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवावे, त्यावर झेंडा लावावा, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहावे आणि दिवसभर दगडांचा पाऊस पडावा, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागची प्रेमी युगुलाची दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. दर वर्षी शेकडो जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. या प्रथेचे काय करावे यावर आम्ही आज लिहीत नाही. आज आमचा मुद्दा एवढाच, की पांढुर्ण्याचे नाव इंटरनेटवर शोधणाऱ्या परमुलखातील माणसास पहिल्याप्रथम काय दिसते? फुटलेली डोकी दिसतात! वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी एका दिवसाने आमच्या गावावर डाग उमटविला आहे, आणि उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची चित्रफीत कोणी काढलेली नाही. बाहेरचा कॅमेरा दगडासाठी येतो आणि दगड घेऊन जातो, त्यास दोष काय द्यावा? दोष द्यावयाचा तर गावातील त्या हजारो फोनांना द्यावा, जे त्याच दिवशी, त्याच नदीकाठी, त्याच दगडांकडे वळलेले असतात.

5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे आणि सौंसर त्यात आहे. जिल्ह्याची पाटी सरकारने लावली, पण जिल्ह्याची ओळख सरकार लावून देत नसते. ती माणसे घडवितात. म्हणूनच आमचा तरुण पडद्यावर स्वतःस काय म्हणवून घेतो, ही त्याची खासगी हौस राहिलेली नाही. ती आम्हां सर्वांची बाब झाली आहे. आणि तो काय म्हणवून घेतो? गाव विचारले तर ‘नागपूर’ लिहितो, कारण पांढुर्णा कोणास कळणार! नाव रोमन लिपीत लिहितो, आणि तेही मोडून-तोडून, अक्षरे दुप्पट करून. घरात आईशी वऱ्हाडी ढंगाच्या गोड मराठीत बोलणारा हा मुलगा कॅमेरा सुरू होताच मुंबईच्या चित्रपटातील हिंदी बोलू लागतो. भाषा उसनी, गाव उसने, चष्मा उसना, आणि शेवटी गाणेही उसने. मग त्यात ‘पर्सनल’ ते काय उरले? दहा हजार मुले एकाच गाण्यावर एकच हातवारे करीत असतील, तर त्या दहा हजारांतील एकाचाही ब्रँड होत नाही. ब्रँड होतो तो गाण्याचा, आणि ते दाखविणाऱ्या कंपनीचा.

यावर उत्तर ठरलेले आहे. ‘अहो, हिंदीचा बाजार मोठा, मराठीत कोण पाहणार?’ हिंदीशी आमचे वैर नाही. ती आमच्या शेजाऱ्यांची भाषा आहे आणि आमच्या मुलांच्या शाळेचीही आहे. ज्यास हिंदीत उत्तम सांगता येते त्याने हिंदीत खुशाल सांगावे. परंतु मराठीत कोण पाहणार, हा प्रश्न अज्ञानाचा आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सव्वाआठ कोटींहून अधिक होती. युरोपातील कित्येक राष्ट्रांची लोकसंख्या याहून कमी आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. मोठ्या बाजारात तुमच्यासारखे लाख विक्रेते असतात. आपल्या भाषेत मात्र तुमच्या तोडीचा माणूस क्वचितच सापडतो. गर्दीत ओळख हरवते आणि आपल्या माणसांत ती ठसते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पुरावा हवा असेल तर घ्या. मधुरा बाचल यांनी 2009 साली अमेरिकेत असताना यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास आरंभ केला. पुढे त्यांनी स्वतंत्र मराठी वाहिनी काढली, आणि आज महाराष्ट्राच्या घराघरांत त्या ओळखल्या जातात त्या तिच्यामुळे. त्याहून बोलके उदाहरण सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील या खेड्यात राहणाऱ्या, वयाची सत्तरी गाठलेल्या या आजींनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ नावाची वाहिनी सुरू केली. इंग्रजी नाही, झगमगाट नाही, उसना आव नाही. घरचा स्वयंपाक आणि घरची बोली, एवढेच भांडवल! त्या भांडवलावर त्यांनी लाखो नातवंडे जोडली. या दोघींनी स्वतःस ब्रँड करण्याचा वर्ग लावला नव्हता. हाती एक विद्या होती, ती त्यांनी आपल्या भाषेत प्रामाणिकपणे सांगितली आणि नाव मागाहून चालत आले.

पण आजींच्या याच कथेत एक इशारा दडला आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये कोणा चोरट्याने त्यांची वाहिनी पळविली. महिनोन्‌महिने कष्टून उभे केलेले घर एका रात्रीत परक्याच्या हाती गेले. काही दिवसांनी ते परत मिळाले, हे भाग्य. ज्यांस ते मिळाले नाही अशांचीही आठवण ठेवा. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 चिनी ॲपांवर बंदी घातली. बंदीचे कारण राष्ट्रहिताचे होते आणि त्यावर आमचा वाद नाही. परंतु त्या एका आज्ञेने खेड्यापाड्यांतील असंख्य कलावंतांचे चाहते क्षणात नाहीसे झाले. जमीन आपली नव्हती, हे पीक बुडाल्यावर कळले.

आमच्या मुलखास हे नवीन नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी मालगुजाराच्या गावात घाम गाळला आहे. 1950 च्या कायद्याने, 31 मार्च 1951 पासून, मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली आणि कसणाऱ्याची मान ताठ झाली. आज त्यांचीच पणतवंडे नव्या मालगुजारांची रयत झाली आहेत! या मालगुजारांचे वाडे कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्या जमिनीवर आपण रोज पेरतो, आणि कोणाचे रोप लोकांस दाखवावे व कोणाचे झाकावे हे त्यांचे यंत्र ठरविते. वाटा द्यावयाचा की नाही, हेही तेच ठरवितात. यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून वाटा हवा तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण, अशी अट त्यांनी 2018 साली घातली. पंचायत नाही, तलाठी नाही, अपील ऐकणारा हाकिमही समोर दिसत नाही.

मग काय करावे, जमीन टाकून द्यावी? मुळीच नाही. बटईने कसणारा शहाणा कुणबी जे करतो तेच करावे. बटईच्या शेतात राबावे, पण बियाणे आपल्या घरी राखावे. आपल्या प्रत्येक चित्रफितीची, छायाचित्राची आणि लेखाची प्रत आपल्यापाशी ठेवावी. खात्यास दुहेरी कुलूप लावावे आणि त्याची किल्ली मित्राच्या हाती देऊ नये. सर्व पीक एकाच मालगुजाराच्या शेतात पेरू नये. आणि जमेल त्याने इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा स्वतंत्र पत्ता घ्यावा. 2014 सालापासून तो देवनागरीतही मिळतो आणि त्याच्या शेवटी ‘.भारत’ ही अक्षरे येतात. आपले नाव आपल्या लिपीत लिहिलेला, आपल्या मालकीचा दरवाजा उभारता येत असता आम्ही परक्याच्या ओसरीवर का बसून राहावे?

आता पतीविषयी दोन शब्द. नाव म्हणजे शेवटी पत, आणि पत ही काही संख्या नव्हे. पैसे मोजून अनुयायी विकत मिळतात, हे बाजारात सर्वांस ठाऊक आहे. असे विकतचे दहा हजार लोक तुमच्या दारी लग्नालाही येत नाहीत आणि मयतीलाही येत नाहीत. जो पैसे घेऊन एखाद्या मालाची स्तुती करतो आणि पैसे घेतल्याचे लपवितो, तो आपल्याच माणसांस फसवितो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीची भलामण करणाऱ्यास पहिल्या अपराधास दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगा, असे केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये बजावले आहे. परंतु दंडाचा धाक दाखवून आम्ही थांबत नाही. जेथे दुकानदारापासून दिवाणजीपर्यंत सारे एकमेकांस बापजाद्यांच्या नावाने ओळखतात, अशा गावांत आपण राहतो. नागपूर-पुण्याकडे नोकरीस जाणाऱ्या मुलाने एका रात्रीच्या वाहवेसाठी तलवार नाचवितानाची चित्रफीत टाकली, तर ती त्याच्या आधी मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसते. डागणीचा डाग पुसत नाही, हे विसरू नका.

आणि आमच्या मुलींचे काय? भावाने पडद्यावर तोंड दाखविले तर ‘नाव काढले’, आणि बहिणीने दाखविले तर ‘नाव घालविले’, हा कोणत्या शास्त्रातील न्याय? शिवणकाम, लोणची-पापड, शिकवणी, गायन, शेतीतील हिशेब, यांपैकी एकेका विद्येत निष्णात असलेल्या किती स्त्रिया या दोन तालुक्यांत आहेत! बचत गटाच्या मालावर गटाचे नाव असते, पण तो करणाऱ्या बाईचे नसते. त्यांनी चेहरा दाखवावा की केवळ हात दाखवावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. पण नाव त्यांचे स्वतःचे असावे. त्यांच्या छायाचित्रांचा दुरुपयोग करणाऱ्या नराधमास पोलिसांच्या स्वाधीन करावे. मुलीच्या हातून फोन काढून घेणे हा त्यावरचा इलाज नव्हे. चोरी झाली म्हणून कोणी घरमालकास कोंडून ठेवीत नाही.

तरुणांनो, शेवटी तुमच्या बागेचेच दोन धडे तुम्हांस देतो. मृग बहार धरावयाचा तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात आणि नवशिक्याचा जीव कासावीस होतो. पण तो ताण दिल्यावाचून फूल फुटत नाही. विद्येचेही तसेच आहे. पहिली दोन-चार वर्षे कोणी टाळ्या वाजविणार नाही. त्या काळात जो आपल्या कामाची मुळे खोल नेतो त्यास पुढे बहार येतो, आणि जो रोज टाळ्यांचे पाणी मागतो त्याच्या झाडास नुसती पानेच येतात. दुसरा धडा कलमाचा. जंबेरीच्या खुंटावर तुम्ही संत्र्याचा डोळा बांधता. खुंट परक्या जातीचा असतो, मुळे त्याची असतात, तरीही फळ येते ते डोळ्याच्या जातीचे. कॅलिफोर्नियाचे यंत्र हा खुंट आहे, असू द्या! त्यावर बांधलेला डोळा मात्र आपला असावा. आपली बोली, आपले गाव, आपली विद्या आणि आपले खरे नाव त्यात असावे. खुंटाचाच फुटवा वाढू दिला तर बागेत जंबेरीच पिकेल, आणि ती कोणी पेटीत भरत नाही.

तेव्हा आजच आपापले खाते उघडून पाहा. जेथे ‘नागपूर’ लिहिले असेल तेथे ‘पांढुर्णा’ लिहा, ‘सौंसर’ लिहा, मोहगाव लिहा, सावरगाव लिहा. नाव देवनागरीत लिहा. बागाईतदाराने आपल्या झाडाचे, आपल्या मातीचे आणि आपल्या गावाचे नाव सांगून आपला माल दाखवावा. शिक्षकाने आपला धडा मराठीत सांगावा, आजीने कहाणी सांगावी, आणि जाम नदीच्या काठावर वर्षातून एक दिवस उभे राहणाऱ्या त्या हजारो फोनांनी उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत गावाकडे वळून पाहावे. लोकांनी ठेवलेली नावे आम्ही पुष्कळ वर्षे वागविली. आता आमचे नाव आम्हीच सांगू, आणि ते आमच्याच तोंडून ऐकण्याची जगाला सवय करू!